आर्वीहून परत न आलेलं इंजिन

बाबा, तुमच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनात डायोड सापडला. तो तुम्हीच बसवला होता, याला काल दादानं देवळीहून फोनवर दुजोरा दिला. मी जन्मभर बातम्या लिहिल्या, त्यामुळे दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय ओळ छापायची नाही ही सवय हाडात गेली आहे. तुम्हाला विचारता येत नाही, म्हणून त्याला विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "आदल्या दिवशीच लावलं होतं बाबानं. मले माईत होतं. पुरानी गोष्ट आहे ते, आता काऊन उकरून राह्यली?"

डायोड सापडला माझ्या लेकीला. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तुमच्या फळ्या, पितळी पट्ट्यांचे रूळ, इंजिन, सगळं आमच्या सिंदी मेघेच्या घरात माळ्यावर पडून होतं. तिनं ते खाली उतरवलं आणि गाडी डिजिटल करायची असं ठरवून टाकलं. मला तिनं समजावलं ते असं: तुमच्या पद्धतीत रुळातली वीज वाढवली की गाडी जोरात, आणि गाडी चालवायच्या खोक्यावरची दांडी फिरवून वीज उलटी केली की गाडी उलटी. नव्या पद्धतीत रुळात वीज कायम सारखीच असते. इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर बसवायचा आणि त्याला एक नंबर द्यायचा. रुळातून येणारा हुकूम आपल्या नंबरचा असला तरच इंजिन ऐकतं, पुढे म्हटलं की पुढे, मागे म्हटलं की मागे. पण डिकोडर लावण्याआधी मोटारीच्या तारा रुळांपासून सोडवाव्या लागतात, नाहीतर तो जळतो. त्या सोडवतानाच ती थांबली. "आई, यात डायोड कशाला?" मला डायोड म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, तो वीज एकाच बाजूनं जाऊ देतो. हा असताना इंजिन पुढे जाईल, मागे येणारच नाही. तुमचा सोल्डरचा टाका अजून चांदीसारखा चमकत होता. हलकं काम तुम्ही कधी केलंच नाही.

पुलगावच्या घरातली मधली खोली आठवते. तुम्ही गिरणीत वायरमन, आणि घरी आलात की ती गाडी. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेलं इंजिन, गिरणीतल्या लेथवर उतरवलेली चाकं, टेपरेकॉर्डरची मोटार. भिंतीलगत फळ्यांवर तुम्ही पुलगाव ते आर्वी रेल्वेमार्ग मांडला होता. अरुंद रुळांवरची खरी छोटी गाडी बाहेर शिट्टी मारून निघाली की तुम्ही आत आपली सोडायचात. फलाट मी कापले, पुठ्ठ्याचे. डब्यांत भरायच्या कापसाच्या गाठी मी दोऱ्यानं बांधल्या. रोहण्याच्या स्टेशनला गेरूचा रंग मी दिला. पण दांडीला हात लावायचा नाही. शॉक बसंल, म्हणायचात. एवढ्या विजेनं शॉक बसत नाही, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. दादाला बसत नव्हता. तो गाडी उलटीसुलटी पळवायचा आणि तुम्ही पाहत बसायचात.

दहावीचा निकाल लागला. दादा आदल्या वर्षीच पॉलिटेक्निकला गेला होता, मलाही तिथंच जायचं होतं. फॉर्म आणून ठेवला होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. उलट आईच्या, दादाच्या देखत म्हणालात, "आर्वीले नेऊन वापस आण. गाडी पुलगावच्या फलाटाले लागली का भर फॉर्म."

पहिल्यांदाच ती दांडी माझ्या हातात येते आहे. मी हळू सोडते. रोहणा मागे पडतं, आर्वी येते, माझ्याच पुठ्ठ्याच्या फलाटाशी गाडी अलगद थांबते. आई पदरानं तोंड पुसत हसते. मी दांडी उलटी फिरवते. गाडी हलत नाही. पुन्हा फिरवते. वीज वाढवते. रुळाचे जोड दाबून पाहते. दादा खिडकीबाहेर पाहतो आहे. मग तुम्ही उठता, इंजिन उचलता, रॉकेलच्या फडक्यानं चाकं पुसता आणि परत रुळावर ठेवता. दांडी मी फिरवून ठेवली होती तशीच असते. इंजिन सुरळीत पुलगावला येतं. तुम्ही म्हणता, "यंत्राले हात समजते, बाई. तुह्या हातात नाई ते." पुसता पुसता तुम्ही इंजिनाचं तोंड पुलगावकडे वळवून ठेवलं होतं. वीज उलटी, इंजिनही उलटं, मग डायोड कशाला अडवेल? हे मला लेकीनं कागदावर काढून दाखवलं, तेव्हा माझे केस पांढरे झालेले आहेत.

तो फॉर्म मी स्वतःच चुलीत घातला. बी.ए. केलं, वर्तमानपत्रात लागले, बरी लिहिते असं लोक म्हणतात. पण घरात फ्यूज उडाला तर आजही मी शेजाऱ्याला हाक मारते. लेकीनं हट्टानं पकड हातात दिली, तर नकळत तीच पकड तिच्याकडे परत जाते. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, आईनं माझी बाजू घेतली असती, कदाचित हरलेही असते. पण नकार तुमचा आहे हे मला माहीत राहिलं असतं. तुम्ही तो माझ्याच हातून मला दिला. पोरीनं वायर धरली तर लोक काय म्हणतील, एवढं एक वाक्य तुम्हाला बोलवलं नाही, त्यासाठी इतकं बारीक काम केलंत. त्या दिवसानंतर तुम्ही गाडी चालवलीच नाही, फळ्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या. माझ्यावर चिडलात असं मी समजत होते. आता वाटतं, चालवली असती तर ती दादाच्या हातूनही मागे आली नसती, आणि काम उघडं पडलं असतं.

दादाचं पॉलिटेक्निक अर्धवट सुटलं, हे तुम्ही पाहूनच गेलात. आता त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतं. त्याच्यावर राग धरावा असं मनात येतं, पण तोही त्या खोलीत तुमच्यासमोरच बसलेला होता.

डायोड काढला आहे. डिकोडर बसला आहे. नव्या डिकोडरला कारखान्यातून जो नंबर येतो तो बदलून आपला द्यावा लागतो. मी दिला. कोणता ते तुम्हाला सांगणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तरी तुम्हाला कळवायचं म्हणून लिहिते. रविवारी फळ्या जोडून मांडायच्या आहेत. दादा येतो म्हणाला आहे. इंजिन आर्वीकडे तोंड करून ठेवायचं, कुणी उचलायचं नाही, आणि आर्वीहून मी ते मागे मागे पुलगावला आणायचं, असं ठरलं आहे. फक्त, सगळे जमायच्या आधी तू एकटीनं ते एकदा मागे चालवून बघ, असं मी लेकीला आजच हळूच सांगून ठेवलं आहे.