साठ हजारांपुढचा समुद्र

नालवाडी, वर्धा
१२ एप्रिल २००१

चि. प्रफुल्ल,
सप्रेम जयभीम. तुझा खोकला गेला असे धरून चालते, कारण तू कळवत नाहीस. समुद्र दिसावा म्हणून रत्नागिरीत जास्त भाडे भरून राहणे हा मूर्खपणा आहे, हे माझे मत कायम आहे.

आता तुझ्या भाऊजींचा प्रताप ऐक. म्हातारपणासाठी काढलेले माझे पोस्टातले पीपीएफ खाते तुला ठाऊक आहे. त्यात वर्षाला साठ हजारांवर भरता येत नाही, म्हणून मी गेल्या एप्रिलमध्येच पुरते साठ भरून मोकळी झाले होते. मार्चमध्ये ह्यांनी अल्लीपूरच्या शेतातल्या कापसाचे वीस हजार, मला न विचारता, त्याच खात्यात नेऊन भरले. (पासबुक माझ्या कपाटात, कुलपात. तरी भरले.) परवा पोस्टातून बोलावणे आले: मर्यादेवरचे आहेत, परत न्या, व्याज मिळणार नाही.

पोस्टातून परतताना मी ऑटोतच ह्यांना फैलावर घेतले. तर म्हणतात, "तूच म्हणली न, खात्याची मुदत भरली का समुद्र पाहाले जाऊ? मले वाटलं, ज्यादा टाकलं तं मुदत लवकर भरन. सोसायटीचं कर्ज तसंच सुटते न!" ऑटोवाला हसला. त्यालाही मी गप्प केले. पण मुदत भरते २०१२ साली, आणि ह्यांचे गुडघे आजच जिना चढताना कुरकुरतात.

काल एसटीने अल्लीपूरला निघालो. भर उन्हात पुढच्या डांबरावर पाणी हलत होते. हे हळूच म्हणाले, "असाच असन का वं?" मृगजळाची व्याख्या माझ्या जिभेवर होती, सांगितली नाही. बस पाण्याकडे जायची, पाणी मागे सरायचे, दोन्हीकडची, कापूस वेचून उलंगलेली शेते वाळूसारखी पांढरी. ह्यांचा डोळा लागला. आणि मी (तीस वर्षे भरती-ओहोटी खडूने फळ्यावर काढणारी) साडीचा काठ भिजू नये म्हणून जरा वर धरला. हे कोणाला सांगू नकोस.

हळद-दूध घेत जा.

तुझी,
सुलोचनाताई

ता. क. नव्या वर्षाचे साठ हजार भरायला आज निघाले होते. वाटेत आधी रेल्वे स्टेशनवर उतरले. खात्यात चाळीसच भरले.

ता. क. दुसरा. मेच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. समुद्राकडच्या खिडकीशी ह्यांची खाट टाक. तशी दुसरी खिडकी असल्यास उलट टपाली कळव.