वाहक

प्रिय डबलबेल,

हे नाव तू आता कोणाला सांगत नसशील. एवढ्या मोठ्या बाईला, एका लेकीच्या आईला, असली हाक मारतात का, असं तुझी आई म्हणाली असती. पण मला जुनीच नावं सुचतात. शाळेला सुट्टी असली की तू माझ्याबरोबर शेवटच्या फेरीला यायचीस, मागच्या दाराशी सीटवर चढून उभी राहायचीस आणि घंटीची दोरी दोनदा ओढायचीस. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एक घंटी द्यायला तुला कधी आवडलं नाही. बस थांबली की तुझं तोंड पडायचं.

रविवारी बाळाला घेऊन येते म्हणालीस आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवलास. त्याआधी जे बोललीस ते अजून कानात आहे. बाबा, मुलगी झाली म्हणून फिरकत नाही ना तुम्ही? अगं, असं बोलवलं तरी कसं तुला? बाळ दिवस भरायच्या आधी आलं, काचेच्या पेटीत राहिलं, फुप्फुसं अजून कच्ची आहेत, हे ऐकून इथे माझा जीव टांगणीला लागला होता. तरी आलो नाही. आधी गुडघा दुखतो म्हणालो, मग टाकी गळते, मग दाराचं कुलूप अडकतं. तू म्हणालीस, बाबा, तुमचं घर आहे की भंगारचं दुकान? हसलो मी.

खरं कारण आज लिहितो. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, डॉक्टरीणबाई बोलल्या त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. उरलेलं निम्मं डोक्यातून जात नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू अवघडलेली होतीस, तुला प्रवास करू दिला नाही. म्हणून सगळं तुला कळलेलं नाही. आधी नुसतं पडसं झालं होतं. ताप आला, अंग दुखलं, मग उतरलाही. उठून तिने माझा शर्ट इस्त्री केला. मला वाटलं, निभावलं. आणि मग अचानक थंडी वाजायला लागली, कुशीत कळ यायला लागली, श्वास असा उथळ झाला की बोलताना मध्येच शब्द तुटायचा. दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. शेवटी ती मला हाताने सारखी लांब हो म्हणून खुणावत होती. मला वाटलं हवा हवी असेल, म्हणून मी पंखा मोठा केला.

त्यानंतर ती डॉक्टरीण घरी आली. तरुण आहे, तुझ्याच वयाची. म्हाताऱ्या माणसांच्या नाकाघशात कोणते जंतू राहतात ते तपासायचं तिचं काम. कापसाची लांब काडी तिने माझ्या नाकात इतकी आत घातली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी म्हणालो, बाई, मेंदू शोधताय का, तो तिथे नाही. हसली. पुढच्या खेपेला आली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, आजोबा, तुम्ही वाहक आहात.

मी म्हणालो, होतो, आता निवृत्त झालो. उठून आतून बिल्लासुद्धा आणला, पितळेचा, तू चिंचेने घासून द्यायचीस तो. तिच्या हातात ठेवला. ती बिल्ल्यावरचा शब्द वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, तसले वाहक नाही हो.

मग तिने कागदावर दोन ठिपके काढले, एकाला एक चिकटून. हे जंतू असे जोडीने राहतात म्हणे, दोघांच्या सीटवर बसल्यासारखे. पुष्कळ लोकांच्या नाकात, घशात बसलेले असतात. माणूस धडधाकट, शिंक नाही की खोकला नाही. लहान मुलांकडे तर फारच. बहुतेक वेळा ते काही करत नाहीत, गुपचूप बसतात आणि उतरून जातात. पण पडशाचा ताप आला, आतलं अस्तर सोललं गेलं, अंगातली ताकद गेली, की हेच खाली फुप्फुसात उतरतात. तुझ्या आईच्या बेडक्यात सापडले ते आणि माझ्या नाकात सापडले ते, एकाच जातीचे.

मी विचारलं, म्हणजे माझ्याकडून गेले? ती म्हणाली, कोणाकडून कोणाकडे ते कोणीच सांगू शकत नाही. कदाचित आजींच्याच घशात आधी असतील, त्यांच्याकडून तुमच्याकडे आले असतील. अपराध कोणाचाच नाही. हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं, मोठ्या आवाजात, जसं बहिऱ्याला सांगतात. मला ऐकू येत होतं गं. पण तिकिटं फाडताना मी सारखं बोट जिभेला लावायचो, आणि तुझी आई म्हणायची, अहो, अख्खं गाव चाटताय तुम्ही. तिनेच मग ती गोल डबी आणून दिली, ओला स्पंज ठेवलेली. हे सगळं आता रोज आठवतं. आणि कधी कधी उलटंही वाटतं. तिच्याकडून आले असतील, तर तिचं एवढं तरी काही माझ्याकडे जिवंत आहे. असलं वेडंवाकडं मनात येतं म्हणून मी कोणाशी बोलत नाही.

जरा थांबलो होतो. पाणी प्यायलो. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलंय, तरी स्वेटर काढवत नाही.

डॉक्टरीण म्हणाली होती, बाळाला बघायला खुशाल जा, हात धुवा, पापे घेऊ नका, सर्दी असेल तर जाऊ नका. मी पिशवी भरलीही. पण स्टँडवर मला एक साधी शिंक आली, आणि मी बस सोडून दिली. पुढचीही सोडली. कंडक्टर पोरगा ओरडला, काका, चढायचंय की नुसतं बघायचंय? मी घरी आलो आणि तुला टाकी गळते म्हणून सांगितलं.

बाळाच्या लशीचे डोस राहिलेत, ते चुकवू नकोस. या जंतूंवरची लस त्यात असते म्हणे. तुझ्या सासूबाई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलतात असं तूच म्हणाली होतीस, त्यांना माझं नाव सांगून अडव. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

आता हे फोनवर का नाही बोललो ते सांगतो. चार शब्द बोललो की खोकला येतो, आणि तो ऐकून तू तशीच निघाली असतीस. गेल्या आठवड्यात पडसं झालं, उतरलं, मला वाटलं निभावलं. काल थंडी वाजून आली. कुशीत कळ आहे, बेडका गंजाच्या रंगाचा पडतो. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात खाट राखली आहे, त्यांची गाडी येतेच आहे. माझा जुना ड्रायव्हर खिडकीबाहेर उभा आहे, त्याला आत घेतलेलं नाही. वाहक तू, आणि पत्र पोचवायचं मी होय रे, असं तिथूनच ओरडतोय. आजच्याच बसने तो तुझ्याकडे येईल. तेव्हा रविवारी येऊ नकोस. ही एक घंटी समज. बरा झालो तर दोन देईन, तेव्हा नीघ. आणि दुसरी घंटी आलीच नाही, तर तू एकटी ये. बाळाला या घरात आणू नकोस. तुझी आई लांब हो म्हणून का खुणावत होती, ते मला आत्ता कळतंय.

लांबूनच तुम्हा दोघींना जपणारा,
तुझाच
बाबा

ता. क. पाकीट स्पंजने ओलं करून चिकटवलं आहे, डबीतल्या. जीभ लावलेली नाही.