अकराव्या सहभागीचे नाव न कळविण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : सहभागी क्र. ११ हिचे नाव देण्यास नकार.
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७, दि. ४ ऑक्टोबर.

महोदय,

उभयलैंगिक व्यक्तींचे नातेसंबंध आणि त्यांची धर्मश्रद्धा या विषयावर मी चार वर्षे संशोधन करीत आहे. माझा लेख विभागाच्या त्रैमासिकात आल्यावर येथील एका प्रार्थनागृहाच्या विश्वस्तांनी तक्रार केली, की त्यातील शिवणकाम करणारी बाई, म्हणजे सहभागी क्र. ११, त्यांच्याकडचीच असावी. आठ दिवसांत तिचे नाव न दिल्यास माझी नोंदणी रद्द होईल, असे आपण कळविले आहे.

१. 'नाव कोणालाही कळविले जाणार नाही' हे वाक्य आपल्याच कार्यालयाने छापलेल्या संमतीपत्रात आहे. मी फक्त ते पाळत आहे.

२. ती विवाहित असल्याने अभ्यासात बसत नाही, असे आपण म्हणता. तिचे म्हणणे असे : "नवऱ्यावर माझा जीव आहे. त्याच्याआधी मैत्रिणीवर होता, तोही खोटा नव्हता. प्रार्थनेत मी दोघांसाठी मागते. देवाने अजून तक्रार केलेली नाही." लग्नाने आधीचे मन पुसले जाते, असे माझ्या एकोणीस मुलाखतींत कुठेही आढळले नाही.

३. आपले पत्र आल्यावर मी तिला भेटले. शिवता शिवता ती म्हणाली, "माझ्यापायी तुझं शिक्षण बुडायला नको. देऊन टाक नाव." तिचे हातावरचे पोट आहे, आणि नाव फुटले तर ते काम जाईल. मी नाही म्हटले.

४. परवा नावांची यादी मी फाडून पाण्यात भिजवली. माझ्या मार्गदर्शक बाई समोर होत्या. त्यांना यात ओढू नये म्हणून हे लिहिणार नव्हते, पण त्या म्हणाल्या, "मी बघत होते, असं स्पष्ट लिही." लिहिले आहे. ते नाव आता फक्त माझ्या डोक्यात आहे आणि तिथून ते निघणार नाही.

५. संशोधकाचा विषयाशी वैयक्तिक संबंध आहे काय, असेही आपण विचारले आहे. आहे. मीही उभयलैंगिक आहे, श्रद्धाळू आहे आणि विवाहित आहे. हा अर्ज माझ्या नवऱ्याने वाचला असून शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आहेत.

नोंदणी रद्द करायची झाल्यास कारण लेखी द्यावे. मुलाखती मी पुढच्या सोमवारी, नावे वगळून, विभागात जाहीरपणे वाचणार आहे. विश्वस्तांनाही बोलावले आहे. पुढच्या रांगेत जागा राखली आहे.

आपल्या नियमास आणि दिलेल्या शब्दास बांधील,
(सही)
संशोधक विद्यार्थिनी
दि. ९ ऑक्टोबर

सोबत : संमतीपत्राचा कोरा नमुना; मार्गदर्शक बाईंचे पत्र.