सीटखालचा चोर-स्विच

२८ जुलै, सोमवार
माझ्या हातानं केलेल्या वस्तू: पाण्याच्या टाकीचा अलार्म. बायकोच्या, सिंधुच्या, मिक्सरचं झाकण. खुराड्याचं आपोआप उघडणारं दार (कोंबड्या अजून शिकून राहिल्यात). आणि गाडीचा चोर-स्विच: ड्रायव्हर सीटखाली, मॅटच्या आत. बंद केला की इंजिनला पेट्रोल जात नाही. कोणत्याही कोर्सविना.
चार दिवस सहकुटुंब हिमायतनगर, मेव्हण्याकडे. बसनं. निघताना स्विच बंद केला. निश्चिंत.

१ ऑगस्ट, शुक्रवार, सायं. ५.४०
कंधारला परत. गाडी चालू होईना. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. मामुली.
सोमवारी दहाला विष्णुपुरीला महामायाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची कागदपत्रं तपासणार. वेळ चुकली की सीट गेली. लेकीला स्वतःच्या गाडीतून नेणार हे गल्लीभर सांगून ठेवलंय. दोन दिवस भरपूर.

२ ऑगस्ट
प्लग साफ. गॅप ०.८ मिमी. बॅटरी १२.६ व्होल्ट. सगळं अचूक. तरी बंद.
सिंधु म्हणाली, गॅरेजवाल्या हनीफला बोलवा. म्हटलं, हनीफ अंदाजानं काम करतो, मी मोजून. म्हणाली, मोजून झालं असंल तर चालू करा.

३ ऑगस्ट
निदान पक्कं: पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला करंटच नाही. कंपनीचा निकृष्ट माल. कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं.
महामाया म्हणाली, पप्पा, तुमचा स्विच बघितला का? समजावलं: तो मी स्वतः बसवलाय. तिथं बिघाड शक्यच नाही.

४ ऑगस्ट, सकाळी ६.१५
एअर फिल्टर धुतला. ओलाच बसवला. पाच मिनिटांत निघू.

६.५०
दोघी एसटीनं गेल्या. सिंधु म्हणाली, चालू झाली तर मागून या. न्हाई झाली तर संध्याकाळी आम्हीच येतो बघायला.

११.३०
महामायाचा फोन: सीट पक्की. पप्पा, तुम्ही कुठपर्यंत आलात? म्हटलं, निघतोच आहे.

१२.१०
हनीफ हजर. सिंधुनं परस्पर सांगून ठेवलेलं. सीटखाली हात घातला. टक्. गाडी चालू. माझ्या दुरुस्तीचा परिणाम थोडा उशिरा दिसला, इतकंच.
हनीफ म्हणाला, काका, लई भारी चीज हाय! माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसवून द्या, गॅरेज बारा महिने चालंल. शेजारचा व्यंकटी पोट धरून हसला. त्याला यंत्रातलं काही कळत नाही.
पूर्ण विचार केला. विद्या विकायची नसते. स्पष्ट नकार दिला.
शेवटी हनीफला सांगितलेली रक्कम: दर स्विचमागं तीनशे रुपये.