एकही अक्षर न बदलता

सोमवार, ४ मार्च
आज रुग्णालयाच्या संगणक विभागात रुजू झाले. खोली ऐसपैस, खिडकी मोठी, खुर्ची न कुरकुरणारी. साहेबांनी स्वतः चहा पाजला. बाबांच्याच जागेवर मला बसवलं आणि मी कोणाची मुलगी हे त्यांच्या गावीही नाही! लग्नानंतरचं आडनाव असं कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

कामही बाबांचंच. इथे तीन पिढ्यांची यंत्रं आहेत आणि तिघांची बोली थोडी थोडी वेगळी. शेल स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांची यादी, अशी लिहायची की एकही अक्षर न बदलता ती तिघांवर चालावी. बाबांचा त्यात हातखंडा होता. तिघांनाही कळेल तेवढंच बोलावं आणि तिघांवर चालवून पाहिल्याशिवाय जेवायला उठू नये, असं ते म्हणत.

गुरुवार, ७ मार्च
सापडलं. दोन वर्षांपूर्वी रुग्णांचे सगळे अहवाल पुसले गेले आणि खापर बाबांवर फुटलं. स्क्रिप्टच्या जुन्या प्रती अजून शाबूत आहेत, कोणी कोणती ओळ घातली त्या नोंदीसकट. घातक ओळ साहेबांनी घातली होती. नव्या यंत्रावर चालली म्हणून स्वारी खूश. मधल्याने तिचा भलताच अर्थ घेतला आणि सगळं साफ केलं. बाबा त्या धसक्याने गेले. नोंदणीवाल्या बाई सांगत होत्या, इथे अजूनही त्यांचं नाव शिवीसारखं घेतात.

तक्रार करायची तर ती साहेबांकडेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आज त्यांचा चहा मी कुंडीत ओतला.

मंगळवार, १२ मार्च
बाबांच्या स्क्रिप्टचा सांगाडा घेतला आणि त्यात माझा हुकूम बसवला. साहेबांचं नाव दिसेल ती ओळ काढून टाक. हजेरीतून, दाराच्या यादीतून, कौतुकाच्या पत्रांतून. त्यांनी माझ्या बाबांचं नाव घालवलं, मी त्यांचं पुसते. फिट्टंफाट.

दुपारी नव्या आणि मधल्या यंत्रावर चालवली. सुरेख चालली. जुनं यंत्र तळघरात आहे, त्याची पाळी शुक्रवारी आपोआप येईल. तिथे जाऊन तपासण्याइतका धीर नव्हता मला.

बुधवार, १३ मार्च
साहेबांना दार उघडेना. मी खिडकीतून मजा बघत होते. पण मग पहारेकऱ्याने त्यांना विचारलं, आपण कोण. बाईंनीही तेच विचारलं. सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून! मी तर फक्त यंत्रांना सांगितलं होतं.

गुरुवार, १४ मार्च
साहेबांची बायको कसलासा अहवाल न्यायला आली होती. साहेब तिच्याकडे धावले. तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली, परक्याला देतात तशी. मग ते फाटकाबाहेर बसून रडले.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खूप बरं वाटलं.

शुक्रवार, १५ मार्च
तळघरात गेले. नाव वाचायची जी सोपी रीत मी वापरली ती जुन्या यंत्राला ठाऊकच नाही. नाव रिकामं आलं. आणि रिकाम्या नावाशी प्रत्येक ओळ जुळते. म्हणजे सगळ्यांचीच नावं —

साहेबांनी केली तीच चूक. तश्शी. रागाच्या भरात मी —

स्क्रिप्ट थांबवू पाहिली. थांबत नाही. वायर उपटली. ओळी जातच आहेत. सुक्याबरोबर ओलंही —

शनिवार
बाई मला ओळखत नाहीत. आरशासमोर उभ्या आहेत, स्वतःलाही —

वॉर्डात एक बाई बाळ घेऊन सगळ्यांना विचारत फिरते, हे कुणाचं आहे म्हणून. कुणी कुणाला हाकच मारत नाही.

रविवार असावा
आईकडे गेले. कोण हवंय, म्हणाली. खूप सांगितलं. बसायला दिलं, पाणी दिलं, पण —

भिंतीवर बाबांचा फोटो. हे कोण, मी विचारलं. माहीत नाही बाई, म्हणाली. आधीच्या भाडेकरूंचा असेल, उतरवायचाच आहे.

निदान मी तरी विसरता कामा नये. इथेच लिहिते, पान भरेपर्यंत लिहिते. माझ्या बाबांचं नाव होतं