चौथ्या प्रकरणातल्या व्हिल्मा बाई

३ मार्च

मागच्या बाकांवर पंचवीस-तीस वह्यांची पानं एकदम उलटली! पॉपलरच्या झाडातून वारा जावा तसा आवाज. आज कॉफी उकळताना कुठूनसा कानात आला आणि कॉफी उतू गेली.

सरावशाळेतली तिसरी ब. पुढे आठ-नऊ वर्षांची मुलं, मागे भिंतीला टेकून आमचे होऊ घातलेले शिक्षक, आणि फळ्यापाशी बोद्रोगी व्हिल्मा बाई. त्यांचं बघून बघून अख्खं हंगेरी शिकवायला शिकलं, असं मला अजून वाटतं.

दुपारी किंगाचा फोन. एके काळची माझी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात शिक्षक-प्रशिक्षण विभागाची प्रमुख. विभागाला सत्तर वर्षं होतायत, इतिहासाचं पुस्तक निघणार. "सर, चौथं प्रकरण तुमचं. तुमच्याइतकं कोणाला आठवतंय?"

हुरळून गेलो.

१२ मार्च

प्रकरण पाठवलं. निम्म्याहून जास्त व्हिल्मा बाईच आल्या, त्याला मी काय करू? एखाद्या शिकाऊ पोराचा पाठ फसला की त्या रागवायच्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्याला मुलाच्या बाकावर बसवायच्या – गुडघे हनुवटीला! – आणि तोच पाठ पाच मिनिटं त्याला शिकवायच्या. कवितेचा अर्थ आधी कधीच सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "कानाला आवडू दे. अर्थ येईल मागून, त्याला काय घाई आहे?" माझ्या सगळ्या व्याख्यानांत एवढं एक वाक्य नव्हतं.

१७ मार्च

उत्तर नाही.

२१ मार्च

उत्तर आलं. व्हिल्मा बाई गायब! "सर, त्या सरावशाळेच्या. पगार नगरपालिकेचा. विभागाच्या माणसांत त्या कधीच नव्हत्या." त्याऐवजी मी काय लिहावं? नव्या इमारतीचं बांधकाम, अभ्यासक्रमाची मान्यता, आणि छप्पर कधी बदललं ते.

छप्पर! छपरानं कोणाला शिकवलं?

संध्याकाळी खसखशीच्या शेवया केल्या. गोड लागल्या नाहीत.

११ एप्रिल

आज कविता दिन. रेडिओवर दिवसभर नट कविता म्हणतायत. म्हणतायत कसले, ओरडतायत! व्हिल्मा बाईंनी मागच्या बाकावर बसवलं असतं एकेकाला.

छपराबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. लिहिणार नाही.

२५ एप्रिल

शेवटी विभागात जाऊन धडकलो. किंगानं खाऱ्या, खुसखुशीत पोगाचांची बशी पुढे केली. म्हटलं, आधी बोलणं, मग खाणं.

"सर, हट्ट करताय लहान मुलासारखा."

"मोठ्यांसारखा केला तर ऐकणार आहेस का?"

"नियमात बसत नाही हो! आज बाई घेतल्या की उद्या शिपाई म्हणेल मला घ्या."

"घे की मग त्यालाही!"

ती हसली नाही. मग मी तिच्याच परीक्षेच्या पाठाची आठवण काढली. परीक्षक मागे बसलेले, वसंताची कविता, दुसऱ्या कडव्यावर किंगाची वाचा बसली. फळ्याकडे तोंड करून नुसती उभी. तेव्हा व्हिल्मा बाईंची मुलं कोणी न सांगता उठली आणि पुढचं कडवं सगळ्यांनी मिळून म्हटलं. जणू पाठ तसाच बसवला होता! पहिला वर्ग मिळाला किंगाला.

किंगा बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "अर्धं पान. आणि एक फोटो. फोटोला त्यांची परवानगी लागेल, पत्र पाठवते. आता खा तरी."

तीन खाल्ली!

१९ मे

छापण्याआधीची पानं आली. व्हिल्मा बाई आहेत! फोटोत तिसरी ब, खिडकी उघडी, बाईंचा हात एका मुलीच्या डोक्यावर. किती वेळ बघत बसलो. त्या लेकीकडे राहतात म्हणे, पार सोप्रोनला. नव्वदीला आल्या असतील. पुस्तक हातात पडेल तेव्हा चेहरा कसा होईल?

२३ मे

दारावरची घंटा. पोस्टमन असेल म्हणून विजारीचे पट्टे खांद्यावर न घेताच उघडलं.

व्हिल्मा बाई! काठी, प्रवासाची पिशवी, मागे जिन्यात धापा टाकणारी लेक.

"विभागाचं पत्र आलं. काय रे ओदोन, तू मला आधी विचारलंस का?"

मी काहीतरी पुटपुटलो – गौरव, कृतज्ञता.

"माझ्या मुलांना तुझ्या शिकाऊ पोरांचा लळा लागायचा. चार आठवड्यांनी ती फुलं घेऊन, मुके घेऊन निघून जायची. दर खेपेला. मागे रडारड मी निस्तरायची, आणि ती थांबेतो सोमवारी तुम्ही नवी पोरं आणून बसवायचात. ती रडारड कुठल्या प्रकरणात आहे?"

म्हटलं, बाई, आत तरी या.

"आधी पुस्तकातून माझं नाव काढून टाक," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "मग येते."