दोरा अजून हातातच आहे

प्रेमळ गीनकाताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त एका जागी बसवत नाही. (हे पत्रही चुलीपाशी उभ्यानेच लिहितेय, डाग घेवड्याच्या सुपाचा आहे.)

यंदा करकोच्यांसाठी गावात परदेशी स्वयंसेवक आलेत आणि त्यांचं जेवण माझ्याकडे आहे. विजेच्या खांबावरचं जुनं घरटं उतरवून त्यांनी शाळेमागे नव्या खांबावर टोपलीसारखं सुबक घरटं बसवलं. जुन्यातून निम्मा गाव निघाला: प्लास्टिकच्या दोऱ्या, पाद्रीबाबांचा हातमोजा, आणि तुझ्या मेव्हण्याचा, आमच्या स्टोइमेनचा, तो लोकरी मोजा, जो मी हरवला म्हणून तो अजून मला ऐकवतो. त्यांची म्होरकी माइके (हॉलंडची आहे, गुणी पोर) तो धुऊन घेऊन आली. स्टोइमेनने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दुसरा कुठाय?"

पण अर्धा एप्रिल सरला तरी करकोचा नाही. आता तो दिसल्याशिवाय एक मार्चला बांधलेला लाल-पांढरा दोरा सोडायचा कसा? अख्खा गाव मनगटावर मळकट दोरे घेऊन फिरतोय. त्सोना आजी माइकेला म्हणाली, "पोरी, इतकं साफ केलंस, की त्याला वाटत असेल दवाखाना आहे." माइके हसली, मग रडली. मी तिला सूप वाढलं. नाक पुसत ती म्हणाली, ग्रीसच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर कासवांची अंडी राखायला माणसं हवीत, तू जातेस का? ताई, आजवर सगळे माझ्या दारी आले, मी कुणाच्या दारी गेलेच नाही.

स्टोइमेन म्हणाला, "घरच्या कोंबड्यांची अंडी सोडून कासवांची राखायला निघाली." मी हटेना, तेव्हा म्हणाला, "बरं. करकोचा आला की जा." (नव्या घरट्यावर त्याचा काडीचा भरवसा नाही, म्हणून एवढा उदार.) तेव्हापासून मी दिवसभर आभाळाकडे बघतेय. दोनदा चीज भरलेली बानित्सा भट्टीत करपली.

बाकी सगळं ठीक, मी सोडून.

तुझी,
झ्लातीना

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात करकोचा आला. गावाने दोरे सोडून फुललेल्या झाडांना बांधले. फक्त स्टोइमेन टोपी नाकापर्यंत ओढून फिरतोय. "मी नाही बाबा पाहिला," म्हणतो. काल फाटकावर आदळला, कपाळाला टेंगूळ आहे.

आणखी ता. क. त्याला हसते खरी, पण दोरा माझ्याही हातात आहे. सगळे वर बघत होते तेव्हा मी सूप ढवळत होते. चोचीची टकटक स्पष्ट ऐकू येत होती आणि माझी मान काही वर होईना. तर रविवारी ये. कोंबड्या उन्हाळाभर सांभाळशील का, ते मग बोलू. आधी मला अंगणात ने आणि हनुवटी धरून मान वर कर. येताना तुझी ती मोठी बॅग आण. रिकामी.